दमयंतीच्या गाडीचा पांढरा पट्टा

चौक गाव मागे पडलं आणि ऊन तापायला लागलं, तशी पालखीची माणसं रस्त्याच्या सावलीच्या कडेला सरकली. दमयंती मात्र सरकली नाही. ती होती तिथंच, आपल्या पिकअप गाडीच्या मागे दहा पावलांवर, आणि नजर गाडीच्या मागच्या चाकांवर.

"अगं, तू आईच्या पालखीला आलीयस की गाडीच्या?" भाग्यश्रीनं विचारलं.

"पालखी पुढं हाय, तिला चारशे मानसं बघतात," दमयंती म्हणाली. "गाडीला कोन बघतं?"

दोघी एकाच गावच्या, द्रोणागिरी डोंगराच्या अंगाला असलेल्या. भाग्यश्री लग्न होऊन बोनकोड्याला गेली, दमयंती गावातच दिली गेली. पण चैत्र आला की भाग्यश्री माहेरी येते आणि गावची पालखी कार्ल्याच्या एकविरा आईला निघाली की तिच्यासोबत चालते. चार दिवसांची चाल. बालवाडीत शिकवते म्हणून मंडळाच्या स्मरणिकेत पालखीची दोन पानं तिनंच लिहायची, हेही ठरलेलं.

पुढं गाडीत दमयंतीचा नवरा गणू स्टिअरिंगवर होता. पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या चालीनं. गाडीत पाण्याचे चाळीस कॅन, शिधा, अंथरुणं, मांडवाचे बांबू आणि आईच्या ओटीची पत्र्याची पेटी. पेटीला पिवळं फडकं गुंडाळलेलं. तीन वर्षं झाली, पालखीची गाडी म्हणजे गणूची गाडी. कार्ल्याच्या पायथ्याशी गाडीपुढं नारळ फुटतो आणि ड्रायव्हरच्या गळ्यात हार पडतो, तो गणूच्या पडतो.

त्या हारामागं काय आहे ते गावाला माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. गणूनं बावीस वर्षं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवला. मालक सांगेल तेवढा माल, मालक सांगेल तेवढ्या फेऱ्या. माल वाढला की मालक मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन पोलादी पाटे वाढवायचा. पाटे वाढले की गाडी वजनानं खाली बसत नाही, पण दगड होते. खड्ड्याचा धक्का मग पाट्यात मुरत नाही, ड्रायव्हरच्या मणक्यात मुरतो. एका सकाळी यार्डाच्या रस्त्यावर ट्रेलर खड्ड्यात आदळला आणि गणूला खाली उतरता येईना. सहा महिने तो लाकडी फळीवर पडून होता. डॉक्टर म्हणाले, ड्रायव्हिंग विसरा. मालक म्हणाला, दुसरा ड्रायव्हर बघितलाय.

दमयंतीचं तेव्हा रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं. अजूनही आहे. नवरा फळीवर आणि ही टायर खोलतेय, असे ते दिवस. त्याच दिवसांत तिनं आईला बोलून ठेवलं, हा माणूस परत स्टिअरिंगवर बसला की मी तुझ्याकडं चालत येईन. दर वर्षी येईन. आणि बोलून झाल्यावर ती गप्प बसली नाही. देवाला सांगायचं ते सांगून झालं, आता हातानं करायचं ते करू, असं तिचं असतं.

जुनी पिकअप घेतली तेव्हा ती आधी ट्रक टर्मिनलच्या मेकॅनिककडं गेली. म्हणाली, मागचे जास्तीचे पाटे काढा आणि हवेच्या बॅगा बसवा, मी बघितल्यात मोठ्या बसगाड्यांना.

मेकॅनिक हसला. "ताई, अजून दोन पाटे टाका. फुग्यावर कुठं गाडी चालते? फुगे वाढदिवसाला लावतात."

"आन् टायरमधी तुमी काय भरता? रेती?"

तो हसायचा थांबला, पण काम घेईना. मग तिनं बॅगा मागवल्या आणि स्वतःच्या दुकानासमोर गाडी जॅकवर घेतली. चासीखाली लोखंडी घोड्या लावल्या, मागची चाकं काढली. एकावर एक दोन टोप पालथे ठेवावेत तशी ती काळी रबरी बॅग. खाली अॅक्सलवर ब्रॅकेट, वर चासीला प्लेट, आणि मध्ये ही. नट आधी हातानंच फिरवायचे, बॅग सरळ उभी राहिली की मगच पाना लावायचा. तिरकी बसली तर घासून फाटते. हवेच्या नळ्या ओढून झाल्या, हवा भरली आणि साबणाचं पाणी ओतलं. एका जोडावर बुडबुडा आला. नळी पकडीनं तोडली होती, तोंड वाकडं झालं होतं. ब्लेडनं सरळ कापून परत लावली. बुडबुडा गेला. गणू फळीवरून उठून दारात खुर्ची टाकून बघत होता.

"हवेचं तुला कळतं," तो म्हणाला. एवढंच. पण सहा महिन्यांत तो पहिल्यांदा कामाबद्दल बोलला होता.

चूक झाली नाही असं नाही. नळी तिनं जवळचा रस्ता बघून सायलेन्सरच्या बाजूनं बांधली होती. तिसऱ्या दिवशी गव्हाण फाट्यावर नळी वितळली, एका बाजूची हवा गेली आणि गाडी दारू प्यायल्यासारखी कलली. नाक्यावरची पोरं हसली. "काकी, फुगा फुटला!" दमयंतीनं तिथंच खाली वाकून नळी बघितली, दुसऱ्या दिवशी चासीच्या वरून फिरवली आणि दोन बॅगांना दोन वेगळ्या नळ्या केल्या. हसणाऱ्यांतल्याच एकाचा टायर पुढं पंक्चर झाला, तेव्हा त्याला म्हणाली, "फुगा आनलास?"

पण खरी गोष्ट तिला नंतर कळली. द्रोणागिरीच्या गोदामात हमाल माल भरतात तो डोळ्यानं भरतात. गाडीचं बूड बसलं की म्हणतात, बस, झाली. बॅगांत हवा असली की बूड बसतच नाही. मग ते भरतच राहतात. गाडी दिसते ताठ, आणि आत अॅक्सल, ब्रेक, टायर सगळे रडत असतात. बॅगांनी गाडीची ताकद वाढत नाही, फक्त गाडी तसं दाखवते. हे कळलं त्या दिवशी ती वजनकाट्यावर गेली. बॅगांतली हवा काढून पाच पौंडावर आणली, गाडीच्या कागदावर लिहिलंय तेवढाच माल बरोबर मोजून भरला, आणि बॉडी खाली बसून चाकाच्या वरच्या कडेशी जिथं आली होती तिथं बॉडीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला. तेव्हापासून नियम एकच. भरताना हवा काढायची, म्हणजे गाडी खरं बोलते. पट्टा चाकाला टेकला की माल बंद. मग हवा भरायची आणि निघायचं. गणू परत स्टिअरिंगवर बसला तो याच गाडीच्या.

"दोन गोदामवाल्यांनी काम बंद केलं माझं," ती भाग्यश्रीला चालता चालता सांगत होती. "म्हनतात, बाई नखरे करते. मी म्हटलं, करते."

खोपोली आली. पालखी देवळासमोर टेकली, घाटाच्या आधीचा शेवटचा विसावा. आणि तिथं खोळंबा झाला. पालखीसोबत गाण्याचे मोठे बॉक्स आणि जनरेटर घेऊन एक टेम्पो होता, त्याचा क्लच गेला. टेम्पोवाला हात वर करून बसला.

मंडळाचे अध्यक्ष हौसेराव, पांढरी टोपी, गळ्यात सोन्याची चेन, तडक गणूच्या गाडीकडं आले. "गण्या, मागचं फाळकं उघड. जनरेटर आन् बॉक्स हितं टाकू. आन् म्हाताऱ्या बायांनाही घे वर, दहा-बारा हायत. घाट चढवून दिल्या की झालं."

गणूनं आरशात बघितलं. आरशात दमयंती होती.

"नाय बसनार, दादा," ती पुढं येऊन म्हणाली.

"जागा हाय की."

"जागा हाय. वजन नाय."

"गो बाय, तुझ्या गाडीला फुगे हायत! सगल्या गावाला सांगत फिरतेस. गाडी बसतच नाय म्हनतेस ना?"

"म्हनूनच नाय म्हनते."

आता माणसं जमली. कुणी म्हणालं, वाजवल्याशिवाय आई घाट चढणार काय? कुणी म्हणालं, गाडीवाल्यांना माज येतो. हौसेरावांचा आवाज चढला. "आईच्या पालखीला नाय म्हनतेस तू? आईच्या?"

दमयंतीनं ओटीच्या पेटीकडं बघून हात जोडले. मग गाडीखाली वाकली, दोन्ही नळ्यांच्या टोकाची टोपणं काढली आणि वॉल्व्ह दाबले. फस्सऽऽ करून हवा सुटली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गाडीचं बूड हळूहळू खाली आलं आणि पांढरा पट्टा चाकाच्या चार बोटं वर थांबला.

"आता बघा," ती उठून म्हणाली. "हिच्या पोटात आधीच येवढं हाय. ही चार बोटं उरलीत. टाका जनरेटर. पट्टा टेकला तर उतरवायचा, कबूल?"

जनरेटरवाल्या दोघांनी आणि गावच्या चौघांनी मिळून जनरेटर वर चढवला. चार बोटं गेली आणि पट्टा चाकाच्या मागं दिसेनासा झाला. बॉक्स अजून खालीच होते. म्हाताऱ्या बायाही.

"उतरवा," दमयंती म्हणाली.

"थोडंसं इकडं-तिकडं चालतं गो. हवा भर, वर येईल."

"येईल ना. तुमाला दिसनार नाय, पन वजन तिथंच राहील. घाटात वलनावर ब्रेक दाबल्यावर दिसेल." ती गणूच्या खिडकीपाशी गेली. "ह्या मानसानं बावीस वर्षं थोडंसं इकडं-तिकडं ऐकलं. विचारा त्याला त्याची कंबर."

सगळे गणूकडं बघायला लागले. गणूला असं बघितलेलं आवडत नसे. त्यानं दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, मग दोन्ही हातांनी दार धरून दुसरा. सावकाश. उभा राहिला आणि गाडीची चावी काढून दमयंतीच्या हातात दिली.

"तिनं हवा काढली म्हंजे काढली," तो हौसेरावांना म्हणाला. "आता जनरेटर पायजे तर पानी उतरवा, दादा. घाटात तहान लागली की गानं प्या."

मागं कुणीतरी हसलं. हौसेराव हसले नाहीत. त्यांच्या हाताखाली चार गावं वागतात, आणि भर रस्त्यात एका पंक्चरवालीनं नाही म्हटलं होतं. ते जवळ येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठीक हाय. ह्या वर्षी न्या तुमची गाडी. पुढल्या वर्षी आपल्या गावच्या नंदकुमारचा ट्रक. आन् गण्या, पायथ्याशी हाराची वाट बघू नको."

त्या वाक्याचं वजन दमयंतीला कळलं. गणूच्या खोलीत तीन वर्षांचे तीन हार खिळ्याला लटकत होते. सुकून काड्या झाल्या होत्या, तरी तो काढू देत नसे. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. गणू रस्त्याकडं बघत होता. जनरेटर उतरेपर्यंत ती उभी राहिली, मग पंपानं हवा भरली, टोपणं लावली, आणि चावी गणूच्या हातात ठेवली.

जनरेटर खोपोलीतच राहिला. घाटात पालखी चढली ती टाळ आणि एका जुन्या ढोलकीवर. मधल्या वळणावर सत्तरीच्या जाईबाईनं बसून घेतलं, पण गाणं ती सोडेना. "आई माऊलीचा!" ती ओरडायची आणि खालपासून वरपर्यंत "उदो उदो!" यायचं. दमयंती गाडीच्या मागं दहा पावलांवर. दर वळणाला वाकून बघत होती, पट्टा, नळ्या, चाकं. खंडाळ्याच्या अलीकडं हौसेराव घामाघूम होऊन गाडीपाशी आले आणि बघितलं न बघितल्यासारखं करून उभे राहिले. दमयंतीनं कॅनमधून पेला भरून त्यांच्यापुढं धरला.

"प्या दादा. गानं नंतर."

ते प्यायले. पेला परत दिला.

चौथ्या दिवशी सकाळी कार्ल्याचा पायथा आला. नारळ फुटले, गुलाल उडाला. हार पालखीच्या भोयांना पडले, ढोलकीवाल्याला पडला. गणूच्या गाडीपुढं कुणी थांबलं नाही. ओटीची पेटी उतरवून घेतली आणि माणसं पायऱ्यांकडं गेली. गणू सीटवरच होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"राग आला?" दमयंतीनं खिडकीतून विचारलं.

"हार घालायला मान वाकवावी लागते," गणू म्हणाला. "माझी वाकत नाय. बरंच झालं." मग पायऱ्यांकडं हात करून, "तू वर जाऊन ये. माझ्याही वाटचा नमस्कार कर. गाडीत मी हाय."

पहिल्या पायरीला दोघींनी हात लावून कपाळाला लावला. तिथं भाग्यश्रीनं सांगून टाकलं, कारण तिला ते चार कोसांपासून टोचत होतं. हौसेरावांनी तिला स्मरणिकेचं पान कसं लिहायचं ते आधीच सांगितलं होतं. सर्वांच्या सहकार्यानं पालखी सुखरूप पोचली. एवढंच. खोपोलीचा विषय काढायचा नाही.

दमयंती पायरीवर थांबली. पायाला फोड आला होता, त्यावरचा फडका तिनं सोडून परत घट्ट बांधला.

"सहकार्यानं नको लिहू," ती म्हणाली. "भांडून पोचली, असं लिही. माझं नाव घाल, त्यांचंही घाल, कोनाला सांभालून घेऊ नको. आन् पट्ट्याचं सगलं लिही. भरताना हवा किती ठेवायची, काट्यावर वजन कसं बघायचं, पट्टा कुठं मारायचा. नंदकुमारच्या ट्रकालाही आता फुगे लावलेत, मी बघितलेत. त्याच्या ड्रायव्हरला हे कोन सांगनार नाय." तिनं वर देवळाकडं बघितलं, मग भाग्यश्रीकडं. "पुढल्या चैत्रात पालखी उचलायच्या आधी ते पान तू वाचून दाखव. मोठ्यानं, हौसेदादांच्या समोर, त्या ड्रायव्हरला पुढं उभं करून. वाचशील ना, बाय?"