ठमाबाईचा अंगठा

दिनानाथ घरत बँकेत लागला तेव्हा गावात त्याची मिरवणूक काढायची तेवढी बाकी राहिली होती. देशभर शाखा असलेली बँक, आणि तिच्या खुर्चीत मिठागरावरच्या घरातला माणूस. त्याला एकतीस वर्षं झाली. आता उरणजवळच्या शाखेत सकाळी दहाला तो खुर्चीत बसायचा तेव्हाच दमलेला असायचा. काम पूर्वीही ढीगभर होतंच. पण तेव्हा बँक लोकांचे पैसे सांभाळायची, आता विमा विकते. रोज चारला वरून फोन येतो आणि आज किती पॉलिस्या काढल्या ते विचारतो. एकही नाही, हे उत्तर त्या फोनला चालत नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि शाखेला एक पॉलिसी कमी पडत होती. मॅनेजर मृणाल मॅडम वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्या सकाळीच म्हणाल्या, "घरतसाहेब, आज एक कराच. चंद्रपूरच्या बदलीच्या यादीत तुमचं नाव आहे, मला थांबवता येणार नाही." त्यांच्याही मानेवर सुरी होतीच. पण दिनानाथच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि घरी बायको, गोदू, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली. दुपारी स्कूटरने जाऊन तो तिला चार घास भरवून यायचा. चंद्रपूरहून कसा येणार होता?

साडेअकराला ठमाबाई आली. त्याच्याच आळीतली, साठीला टेकलेली, वयाने त्याच्याएवढीच पण नात्याने काकी. मिठागराच्या जमिनीचे पैसे तिने मुदत ठेवीत ठेवले होते, त्यांची मुदत आज संपली होती. तिने शाईच्या पॅडवर अंगठा आधीच दाबला आणि विचारलं, "कुठं लावू रं, दिना?"

ही इथली रीतच. दिना बोट ठेवील तिथे आळीने अंगठा लावायचा, कागद वाचायचा नाही. गेल्या वर्षी आळीतल्याच सोनाबाईने असाच पॉलिसीवर अंगठा लावला होता, आणि तेव्हापासून दिनानाथ तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायचा.

"पैसे कधी लागतील, काकी?"

"येत्या जूनला. नातीला, प्रणालीला, नर्सिंगला घालायचंय."

पॉलिसीचा फॉर्म त्याच्या हाताखालीच होता. त्याने तो खणात सारला. "पुन्हा मुदत ठेवच करू, तीन महिन्यांची. विमा नको. त्यात पाच वर्षं पैशाला हात लावता येत न्हाय, वर दरसाल तेवढेच भरायचे."

ठमाबाईचा चेहरा उतरला. "सोनाबाईचा केलास ना तो विम्याचा बाँड? मग माझाच का न्हाय? मोरूनं तुझ्याशी बांधावरून भांडण काढलं त्याचा राग हाय ना तुला? दिराचं पाप माझ्या माथी का?"

"तसं न्हाय, काकी. तुझं नुकसान हाय त्यात."

"सोनाबाईचं न्हाय झालं?"

दिनानाथने मुदत ठेवीचा फॉर्म पुढे ओढला. एवढ्यात ती तरातरा उठली आणि पलीकडच्या टेबलावर निकेतसमोर जाऊन बसली. निकेत बँकेत नवा, पोरगा वाईट नव्हता, पण त्यालाही चारचा फोन होता. दहा मिनिटांत फॉर्म भरला. अंगठा लागला.

मग निकेत कागद घेऊन त्याच्याकडे आला. अंगठा लावणाऱ्याला ओळखणाऱ्या कर्मचाऱ्याची साक्षीदार म्हणून सही लागते. शाखेत ठमाबाईला ओळखणारा तो एकटा. काचेआडून मृणाल मॅडम बघत होत्या. घरतसाहेबांची बदली टळली, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसत होतं.

दिनानाथने पेन उचललं आणि तसंच धरून बसला. ठमाबाई निकेतच्या मागोमाग आली होती. तिचा आवाज आता मऊ झाला होता.

"कर रं सही, दिना. मोरूच्या वतीनं मी पाया पडते. आता तरी राग सोड."

सगळी शाखा त्याच्याकडे बघत होती. बारा वाजत आले होते, गोदूच्या जेवणाची वेळ झाली होती. त्याने सही केली.

ठमाबाईने अंगठा लुगड्याच्या काठाला पुसला. "बघ," ती हसून म्हणाली, "एवढंच तर होतं."