कप्तान आणि तिसरा गळ

आमचे कप्तान उंचीने पाच फूट दोन इंच आहेत, हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतः पाच-चार सांगतात. बंदरात त्यांची टग आहे, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी दणकट बोट. तीही बाकीच्या टगांपेक्षा बुटकी, म्हणून सगळे तिला 'ठेंगणी' म्हणतात. एकतीस वर्षं हे दोघं एकत्र आहेत. मी कधी तक्रार केली नाही. म्हणजे रोज केली नाही.

इंजिनाच्या घरघरीत बोलून बोलून कप्तान घरातही ओरडूनच बोलतात. "मीठ दे" म्हणाले की शेजारीण मीठ घेऊन येईल, असा आवाज.

अशा घरात सून आली ती कॉम्प्युटरवाली. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सून मात्र रोज सकाळी सासऱ्यांबरोबर बंदरात जाते. बंदराच्या कॉम्प्युटरांत कुणी भामटा शिरू नये हे बघणं तिचं काम. कुठलं जहाज कधी येणार, कुठल्या टगने कुठे जायचं, हे सगळं आता पडद्यावरच ठरतं. "पूर्वी बंदर लुटायला निदान बोटीत तरी बसावं लागायचं," ती म्हणते, "आता घरबसल्या जमतं."

पहिल्याच महिन्यात ती ठेंगणीवर तपासणीला गेली, तर सुकाणूच्या चाकासमोरच्या चौकटीवर कप्तानांचा पासवर्ड लिहिलेला. लाल ऑइलपेंटने, ठसठशीत. "खाऱ्या हवेत कागद टिकत नाही," कप्तान म्हणाले. वरून व्हार्निशचा हातही मारला होता.

मग तिने गळ टाकायला सुरुवात केली. गळ म्हणजे खोटी ईमेल. कोण फसतं हे बघायला ती मुद्दाम पाठवायची. नियम तिनेच लिहिला होता आणि बंदराच्या साहेबांनी त्यावर सही केली होती: तीनदा फसलात की ऑर्डरी येतात तो टॅब जमा करायचा आणि किनाऱ्यावरच्या कचेरीत बसायचं. कप्तानांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. ते आठही महिने त्यांना ठेंगणीवरच काढायचे होते, दुसरं काही मागणं नव्हतं.

पहिला गळ होता मोफत डोळे तपासणीचा. कप्तानांनी नाव दिलं, पासवर्ड दिला, वर चष्म्याचा नंबरही दिला. दुसऱ्यात लिहिलं होतं की तुमच्या टगला सर्वांत सुंदर टगचं बक्षीस मिळालंय.

"अहो, ठेंगणीला? सुंदर?" मी म्हटलं. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, "सूनबाई, पुढचा कधी आहे, एवढं तरी सांग."

"बाबा, कामात नातं बघायचं नाही," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मी तिच्या मागे गेले. चिडलेच होते. "त्यांना किनाऱ्यावर बसवलंस ना, तर रोज संध्याकाळी ते घरात ओरडतील, आणि ऐकायला मी आहे!"

"आई, बाबांना सोडलं तर सगळ्यांनाच सोडावं लागेल. मग माझा उपयोग काय?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

त्या दिवसापासून कप्तान कशावरच विश्वास ठेवीनात. मी 'जेवायला या' असा मेसेज केला की उलटा फोन यायचा.

"कोण बोलतंय?"

"तुमची बायको."

"कशावरून?"

"तुमची उंची पाच-दोन आहे."

"ओळख पटली," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. बंदरात त्यांची टिंगल सुरू झाली. ऑर्डर आली की ते आधी वायरलेसवर विचारत, "ही खरंच तुमची ना?" कंट्रोल रूमवाले कंटाळून गेले.

मग तो रविवार उजाडला. सकाळपासून वारा कपडे दोरीवर राहू देईना. सुनेला सुट्टी होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात कामात, म्हणून तिने स्पीकर लावला. कप्तानांना स्पीकरची गरज नसते, तो भाग वेगळा.

"पकडलं तुला!" कप्तान गरजले. "तिसरा गळ टाकलास ना? मी नाही लागलो!"

"कसला गळ, बाबा?"

"आता साळसूदपणा नको. गॅसचं जहाज धक्क्यावर आहे, पाइप जोडलेला आहे, वारा हा असा. ठेंगणी त्याला रेटून धरून उभी आहे. आणि टॅबवर ऑर्डर येते, 'कृपया जहाज सोडून बाहेर या.' कृपया! एकतीस वर्षांत इथे टगवाल्याला कुणी कृपया म्हटलेलं नाही. म्हटलं, ही आमच्या सूनबाईचीच. घरचं वळण चांगलं ना!"

मटाराची परात सुनेने बाजूला सारली. "बाबा, मी काही पाठवलेलं नाही. जागचे हलू नका. टॅब बंद करा, आणि वायरलेसवर सगळ्या टगांना सांगा, पडद्यावरचं काही ऐकू नका म्हणून."

"बरं," कप्तान म्हणाले. इतक्या हळू त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सून चपला शोधत धावली. मी तासभर त्याच खुर्चीत बसून होते. टग सुटली असती तर वाऱ्याने जहाज धक्क्यापासून ओढलं असतं, पाइप तुटला असता, आणि पुढचा विचार मला करायचा नव्हता. शेवटी तिचा फोन आला. गॅस बंद करून पाइप सुखरूप काढला होता. ठेंगणी तसूभरही हलली नव्हती.

संध्याकाळी सून घरी आली ती रडवेली. "आई, ते भामटे माझ्याच नावाने आत शिरले. शनिवारी एक ईमेल आली, 'तुमच्याविरुद्ध कर्मचाऱ्यांची तक्रार' अशी. मी घाईत उघडली आणि पासवर्ड दिला. अजून कुणाला कळलेलं नाही."

कप्तान मोजे काढत होते. थांबले. "मग कळव," म्हणाले. "कामात नातं बघायचं नाही. स्वतःशी असलेलंसुद्धा." आणि उठून त्यांनी तिच्यासाठी चहा टाकला. साखर विसरले, पण टाकला.

तिने अहवालात पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. नियमाप्रमाणे तिचा एक गळ धरला गेला, आणि कप्तानांचे दोन तसेच राहिले. बक्षीस म्हणून एखादा माफ करा, असं साहेब म्हणाले, तर कप्तानांनीच नको म्हटलं. ठेंगणीवरून मात्र त्यांना कुणी उतरवू शकलं नाही. तिसरा गळ लागलाच नाही.

काल त्यांचा शेवटचा दिवस होता. मी दुपारी मेसेज केला, 'जेवायला या, वाट बघतेय.' लगेच उलटा फोन. मागे ठेंगणीची घरघर.

"कोण बोलतंय?"

"तुमची बायको."

"कशावरून?"

शेवटचा दिवस म्हणून म्हटलं, "तुमची उंची पाच-चार आहे."

कप्तान सगळ्या बंदराला ऐकू जाईल असे ओरडले, "ओळख पटत नाही! माझी बायको पाच-दोनच म्हणते!"

आणि फोन ठेवून दिला.