टू-पे पाठवलेले पैसे

आई आणि तिचे मूल यांच्यामध्ये जगातली कोणतीही शक्ती येऊ शकत नाही. आमच्या समाजाच्या वार्षिक कार्यक्रमात हे वाक्य कोणीतरी म्हणतेच, आणि पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या आणि माझ्या मुलीच्या मध्ये तीन बँका येत असत, आणि तिघीही जाता जाता थोडेथोडे काढून घेत.

मुलगी जर्मनीला शिकायला गेली तेव्हा आमच्या लोधीपुरा मोहल्ल्याच्या तोंडाशी तिचा बॅनर लागला. तिच्या फोटोशेजारी, तिच्या फोटोहून जरा मोठा, माझ्या धाकट्या दिरांचा फोटो होता. त्यांची ट्रान्सपोर्टची पेढी आहे. पॉवरलूमच्या कापडाच्या गाठी आणि केळीच्या गाड्या ते देशभर पाठवतात, आणि समाजाचे उपाध्यक्ष आहेत. बॅनरवर 'उत्तुंग भरारी' असे लिहिले होते. विमानाचे तिकीट मी माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढले होते, पण ते बॅनरवर लिहिण्यासारखे नव्हते.

त्यानंतर बाजारात भेटणारी प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारायची, "मग, किती पाठवते पोरगी?" पोरगी काही पाठवत नाही, मीच तिला पाठवते, असे सांगितले की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू तापी उलटी वाहते असे मी म्हणाले. परदेशातून पैसा येतो. परदेशी जातो तो शाळेच्या पुस्तकात, आणि तोही इंग्रज नेत असत.

पहिल्या वर्षाचा खर्च शिक्षणाच्या कर्जात भागला. दुसऱ्या वर्षापासून तिच्या खोलीचे भाडे मी दर महिन्याला पाठवायचे ठरले. खाण्यापिण्याचे ती शनिवार-रविवारी एका बेकरीत काम करून भागवणार होती. नव्या माणसाने त्यांच्यात मिसळून जावे म्हणून तिथले सरकार वर्ग चालवते. भाषा, कायदे, कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, असे सगळे त्यात शिकवतात. अभ्यास सांभाळून ती त्या वर्गालाही जात होती. तिला मिसळून घ्यायला ते तयार होते, एवढे मी त्यांच्या बाजूने नक्की लिहीन. माझ्या पैशांना मिसळून घ्यायला मात्र आमची इथली बँक तयार नव्हती. माझ्या खात्यावरून मोबाइलने परदेशी पैसे जात नाहीत, शाखेत या, असे उत्तर मिळाले. दर महिन्याचे काम असले तरी दर महिन्याला नवा अर्ज, आणि त्यात ही माझी मुलगी आहे असे नव्याने लिहून द्यायचे. महिन्याभरात नाते बदलू शकते, अशी बँकेची समजूत असावी.

मी खकनारच्या शाळेत शिकवते. सकाळच्या बसने जाते आणि परत येते तेव्हा बँकेचे शटर खाली आलेले असते. यजमान गेल्यापासून बाहेरची कामे दीरच बघत. म्हणून अर्जावर सही करून मी त्यांच्याकडे देत असे, आणि ते बँकेत नेऊन देत. "सस्त्यात सस्तं काम करून देतो वहिनी," असे ते म्हणाले होते. त्यांनी शब्द पाळला. तीच तर तक्रार आहे.

दोन महिने ठीक गेले असावेत असे मी धरून चालले होते, तोच मुलीचा फोन आला.

"आई, या वेळीही कमी आले."

"या वेळीही म्हणजे?"

"मागच्या वेळी मैत्रिणीकडून उसने घेतले, म्हणून बोलले नाही. भाडे माझ्या खात्यातून आपोआप कापले जाते ना, थोडे जरी कमी पडले तरी सगळेच परत फिरते. मग इथली बँक वरून दंड लावते. घरमालकीण म्हणाली, एकदा समजू शकते. दोनदा झाले. तिसऱ्यांदा झाले तर खोली सोड."

तिथे खोली मिळवायला तिला एक अख्खे सत्र लागले होते. तोवर ती ओळखीच्या मुलींच्या खोल्यांत गाद्या बदलत राहिली होती. मी पुढच्या महिन्यात जास्त पाठवले. तेही कमी पडले, कारण त्या वेळी वाटेत कापले गेले तेही जास्त होते. मैत्रिणीने पुन्हा उसने दिले आणि शेवटच्या दिवशी भाडे कसेबसे वळते झाले.

दिरांना विचारले तर त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे पाहा पावती. म्या पूर्ण पाठवले. पूर्ण निघाले तं पूर्णच पोचतीन. रस्त्यात काय उंदरांनी खाल्ले?"

"मग कमी कसे पडतात?"

"पोरीले विचारा," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला, तेव्हाच मला समजायला हवे होते. "नवी हवा लागते पोरांले. मी काही म्हणत नाही."

त्यांनी काही म्हटले नाही, पण जाऊबाईंनी म्हटले. "तिथं म्हणे एक कॉफी आपल्या थाळीएवढ्याले पडते, ताई. पोरगी आहे, मन होतंच." आठवड्याभरात ही कॉफी अख्ख्या नात्यात पोचली. एका बारशाला एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "तिला ओरडू नकोस हो फार." ज्या पोरीने बेकरीतला शिळा पाव खाऊन महिने काढले, तिला ओरडू नये म्हणून मला समजावले जात होते. मी घुगऱ्या घेतल्या, हसले आणि घरी आले. तो राग मी तेव्हा गिळला, पण तो पचलेला नाही. हे लिहितानाही नाही.

चौथ्या महिन्यात मी किरकोळ रजा टाकली आणि दिरांबरोबर बँकेत गेले.

शाखेत शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक मरून रंगाचा सोफा आहे. त्याच्या वर 'प्रवासी भारतीय ग्राहक' अशी पाटी आहे आणि शेजारी प्लॅस्टिकची फुले. परदेशातून ज्यांच्याकडे पैसा येतो त्यांच्यासाठी तो सोफा. परदेशी पाठवणाऱ्यांसाठी शेवटची खिडकी आणि तिच्यासमोरची फरशी. खिडकीमागचा अधिकारी तरुण होता. त्याने दिरांना ओळखले.

"आओ भैया. हमेशा जैसा? टू-पे?"

"हां, टू-पे."

मी विचारले, "पैशांचे टू-पे म्हणजे काय?"

दोघेही माझ्याकडे बघून हसले. लहान मुलाने पाऊस कुठून येतो विचारल्यावर हसतात तसे.

मालाचे टू-पे म्हणजे काय हे मला माहीत होते. लग्न होऊन ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरात आलेल्या बाईला ते माहीत असतेच. माल पाठवताना बिल्टीवर, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावतीवर, लिहावे लागते, पेड की टू-पे. पेड म्हणजे ट्रकचे भाडे पाठवणाऱ्याने आधीच दिले. टू-पे म्हणजे माल उतरवून घेणारा देईल. दिरांच्या पेढीवरून केळीची गाडी दिल्लीला निघते ती टू-पेच. मला माहीत नव्हते ते एवढेच, की माझी पोरगी उतरवून घेणारी पार्टी झाली आहे.

अधिकाऱ्याने समजावले. "मॅडम, बाहर भेजने में चार्ज लगते हैं. एक हमारा, एक बीच वाली बँक का, एक उधर का. कौन देगा, वो पहले बताना पडता है. भैया ने बोला, रिसीवर देगा. तो उधर ही कट जाता है. आपकी जेब से एक रुपया एक्स्ट्रा नहीं गया." हे त्याने अशा चेहऱ्याने सांगितले की मी आता पेढे काढीन असे त्याला वाटत असावे.

"भाऊजी," मी म्हणाले, "हे तुम्ही सांगितले होते?"

"मंग? तुमचाच पैसा वाचवला. माल घेणारा भाडं देते, हा तं धंद्याचा नियमच आहे."

"माल घेणारा व्यापारी असतो. तो ते भाडे मालावर चढवतो आणि गिऱ्हाइकाकडून काढतो. ती कोणाकडून काढणार? पावाच्या लादीकडून?"

"वहिनी, लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. हे लोक तुमचा बॅनरही पाहत होते."

मी अधिकाऱ्याला विचारले, सगळा खर्च पाठवणाऱ्याने द्यायचा असेल तर देता येतो की नाही. तो म्हणाला, येतो, "पर अपने यहां कोई लेता नहीं." त्यासाठी इंदूरच्या मोठ्या ऑफिसला विचारावे लागेल, उद्या या. उद्या मला खकनारला आठवीच्या वर्गात भारतातली संपत्ती परदेशी कशी वाहून गेली हा धडा घ्यायचा होता. मी म्हणाले, मी थांबते. आणि जाऊन सोफ्यावर बसले.

अधिकारी खिडकीतून वाकला. "मॅडम, वो एनआरआय कस्टमर के लिये है."

"माझी मुलगी तीच आहे."

"पर वो लोग तो पैसा भेजते हैं ना."

"मीही पाठवायलाच बसले आहे. तुम्ही इंदूरला फोन लावा."

दीर पाण्याच्या मशीनजवळ उभे राहून बंद मोबाइलवर बोलत होते. जेवणाच्या सुट्टीआधी इंदूरचे उत्तर आले. करता येते, असे ते उत्तर होते. पहिल्या दिवसापासून करता येत होते. मग अधिकाऱ्याने जादा किती लागतील ते सांगितले, आणि मला त्या दिवसाचा खरा राग तेव्हा आला. रक्कम मोठी असती तर बरे झाले असते, निदान कोणीतरी काहीतरी वाचवले असे म्हणता आले असते. एवढ्याशा पैशांत माझ्या पोरीला घराघरांतून खोटे ठरवले होते, तेही इतके प्रेमाने की भांडायलाही जागा ठेवली नव्हती.

बाहेर दिरांनी गाडीला किक मारली. "चला वहिनी, घरी सोडतो."

"आधी पोरीला फोन करा. म्हणा, तुझे बरोबर होते."

"आत्ता? तिकडं रात्र असल."

"तिकडे सकाळ आहे."

"मंग क्लासात असल ती. करतो, करतो."

मी रिक्षा केली. फोन त्यांनी आजतागायत केलेला नाही. समाजाच्या पुढच्या बैठकीत मात्र त्यांनी सांगितले, की पुतणीसाठी थेट इंदूरहून स्पेशल परवानगी आणवली. टाळ्या झाल्या. जाऊबाईंनी कॉफीचा विषय पुन्हा काढला नाही. मागेही घेतला नाही.

बँकेतून आले त्याच दिवशी मी घरमालकिणीला पत्र लिहिले. इंग्रजीत, तीन परिच्छेद. आमच्याकडे मालवाहतुकीची रीत काय आहे, ती पैशांना कशी लागू झाली, यात मुलीचा दोष कसा नाही, आणि आमच्या घराण्यात दिलेल्या शब्दाला काय किंमत आहे. शेवटचा परिच्छेद मी दोनदा लिहिला. तो मला आवडला होता. मुलीने त्याचे जर्मन केले आणि पत्र घरमालकिणीच्या पत्रपेटीत टाकले.

त्या महिन्यात पैसे पूर्ण पोचले आणि भाडे वेळेवर वळते झाले. मी रोज विचारत होते, घरमालकीण काय म्हणाली? खोली राहिली की नाही? शेवटी मुलीने, घरमालकिणीने तिच्या खोलीच्या दारावर चिकटवलेल्या एका चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि खाली तिचा अर्थ लिहिला.

'भाडे मिळाले. सायकल जिन्याखाली ठेवू नये.'