फेटेवाल्या चाचांचा पहिला नंबर

“पन्नास डोकी उघडी बसलीत तिकडं! माझे फेटे काढा आधी!”

हे ओरडणारे गृहस्थ म्हणजे पिशोरहून आलेले नवरदेवाचे मामा. आवाज असा की आमच्या पोलीस ठाण्याच्या छपरावरची कबुतरं उडाली ती थेट देवगिरीच्या किल्ल्यावर जाऊन बसली, आणि कोठडीतल्या पाकीटमाराने न विचारता दोन जुने गुन्हे कबूल केले. नोकरीत दंगे पाहिले, मोर्चे पाहिले; पण निवृत्तीनंतरही कानातून जात नाही ती हीच आरोळी.

मामांनी मनगटाला धरून आणलं होतं गुलमंडीच्या बाजारातल्या फेटेवाल्या चाचांना. चाचा जुन्या रंगाऱ्यांच्या घरातले. आजोबा फेटे रंगवायचे, वडील बांधायचे, चाचा दोन्ही करतात. यांनी बांधलेला फेटा असा, की नवरदेव विहिरीत पडला तरी फेटा कोरडाच वर यावा. लोक असं म्हणायचे. म्हणजे मीच म्हणायचो, लोक ऐकायचे.

तक्रार साधी होती. मामांनी मोबाईलवर चाचांच्या दुकानाचं नाव शोधलं, तिथं दिसलेल्या नंबरवर फोन केला, पन्नास केशरी फेटे सांगितले आणि बयाणा पाठवला. लग्न त्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर. सकाळी फेटे न्यायला आले, तर चाचा म्हणाले, कोणते फेटे?

“साहेब, माझ्या लग्नातबी याच दुकानाचे फेटे व्हते,” मामा म्हणाले. “म्हणून हितंच सांगितले. अन् हा माणूस मला वळखत नाय.”

“यांचा फोनच आला नाही, साहेब,” चाचा एवढंच म्हणाले.

चेहरा उतरला होता, पण ती अटकेची भीती नव्हती. ठाण्याबाहेर अर्धी गुलमंडी जमली होती, आणि आजोबांपासून त्या दुकानाकडे कुणी चोर म्हणून बोट दाखवलं नव्हतं.

खाकीत एक गोष्ट लवकर कळते. खोटं बोलणारा न विचारलेलं फार सांगतो. चाचा काहीच सांगेनात. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “मला फसवायची काय गरज, साहेब? मी पहिल्या नंबरवर आहे.”

“कशात?”

त्यांनी मोबाईल काढला. “नेटवर. कंपनी लावलीय. रोज दुकान उघडलं की भवानी व्हायच्या आधी मी हे उघडतो, वरून लोबान फिरवतो. पोरं उघडतात, साडू उघडतो, जावई उघडतो. सगळ्यांच्या मोबाईलवर पहिलं आमचंच.”

कंपनी म्हणजे एसईओवाली. नेटवर कुणी काही शोधलं तर आपलं दुकान वरच्या बाजूला दिसावं, यासाठी करायचं ते काम. काम खरं आहे, ते इमानानं करणारेही आहेत. पण माझं नाक वळवळायला लागलं. गुन्ह्याचा वास आला की ते वळवळतं; एकदा तर जालन्यातली चोरी मला इथं बसून कळली होती.

मी माझ्या मोबाईलवर गिऱ्हाईक शोधेल तसं शोधलं, ‘लग्नासाठी फेटे’. शहरातले फेटेवाले आले, पुण्याचे आले, घोडेवाले आणि बँडवाले आले. चाचा नाहीत. मग दुकानाचं पूर्ण नाव टाकलं, तेव्हा ते वर आले.

“चाचा, नावानं हाक मारली तर कुणीही वळून बघतं. यात कंपनीनं काय केलं? अन् जो मोबाईल रोज तेच दार उघडतो, तो तेच दार आधी दाखवणार. बरं, खालचा हा फोन नंबर कुणाचा?”

चाचांनी चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. “माझा नाय हा.”

“कधी तपासला नाही?”

“साहेब, आपल्याच दुकानाला कोण फोन लावतं?”

मामांनी पहिल्यांदाच चाचांचं मनगट सोडलं.

मी तोच नंबर लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून मधाळ आवाज आला, दुकानाचं नाव घेऊन. मी ताबडतोब वधूपिता झालो. सात मुली, सातही लग्नं एकाच मांडवात, साडेतीनशे फेटे. फक्त एक अट, बयाणा रोख आणि समोरासमोर. सात मुलींचा बाप ऐकून दुसरा कुणी हळहळला असता. यानं बजाजनगरचा पत्ता दिला, खालच्या चहाच्या टपरीची खूणही सांगितली.

चाचा हळूच म्हणाले, “हे तर आपल्या कंपनीचे साहेब.”

साध्या वेशात गेलो आणि त्याला घेऊन आलो. इस्त्रीचा शर्ट, बोलणं वकिलासारखं.

“चोरी कसली, सर? वेबसाईट माझ्या नावावर. दुकानाचं नेटवरचं पानही माझ्याच ताब्यात. नंबर मी बदलू शकतो. ओटीपी यांनी स्वतः दिलेत.”

मी चाचांकडं पाहिलं. “दिले,” ते म्हणाले. “हे म्हणाले, तुम्हाला हे लफडं जमणार नाय, सगळं आमच्याकडं राहू द्या.”

“ठीक,” मी त्याला म्हणालो. “अन् मामांकडून बयाणा कुणाचं नाव सांगून घेतलास?”

तिथं वकिली थांबली. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. मी गप्प बसलो की भिंतीही जबाब द्यायला लागतात, हा तर माणूस. कप संपायच्या आत सगळं बाहेर आलं. लग्नसराई लागली की पानावर स्वतःचा नंबर टाकायचा, चाचांच्या नावावर ऑर्डर घ्यायची, दुसरीकडून हलका माल उचलून पाठवायचा. या वेळी माल देणाराच गायब झाला. फसवणूक आणि तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवला. वेबसाईट आणि पान पुढं चाचांच्या नावावर आलं.

पण सूर्य कलायला लागला होता. चाचा उठले. “मामा, डोकी किती म्हणालात?”

“पन्नास. पण चाचा, पैसे तर त्या भामट्याकडं...”

“आधी डोकी.”

टेम्पोत कापडाचे गठ्ठे, दोन्ही पोरं आणि चाचा. मुहूर्ताच्या आत अख्खं वऱ्हाड फेट्यात होतं. केशरी संपलं तिथं गुलाबी बांधलं. बँडवाल्याचा तुतारीवाला आणि नवरदेवाची घोडीही सुटली नाही म्हणतात. घोडीचं मी पाहिलेलं नाही, पण चाचांचा हात बघता शंका घ्यायचं कारण नाही.

त्या प्रकरणानं मला एक शिकवलं. फसणारा माणूस भोळा असतोच असं नाही. त्याला दाखवलेली गोष्ट त्याच्या आवडीची असते. म्हणून सांगतो, पहिल्या नंबरची छातीठोक हमी देणारा दिसला की आधी आपला खिसा चाचपा. तो नंबर कुणाच्याच हातात नसतो. वेबसाईट, पासवर्ड, दुकानाचं पान आपल्याच नावावर ठेवा. महिनाभर नेमकं काय केलं ते कंपनीला विचारा, आणि कळेल अशा मराठीत विचारा. तपासायचं तर परक्याच्या मोबाईलवर, परक्याच्या शब्दांत. आणि अधूनमधून स्वतःच्या दुकानाला फोन लावत चला.

परवा गुलमंडीत गेलो होतो. चाचा दारात बसून कापडाला चुण्या घालत होते, समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी वाकून विचारलं, “काय चाचा, आता कितव्या नंबरवर?”

“बघितलं नाय, साहेब. जरा सरका, उजेड अडतोय.”