कानशीखाली गेलेलं गंदेर

वागिराहला क्लातेन शहराच्या बाजूचे आम्ही सगळे वादक 'यू' म्हणायचो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती गंदेर वाजवायची. काशाच्या पातळ पट्ट्या, खाली बांबूच्या नळ्या, दोन्ही हातांत गोल टोकाच्या काड्या. वाजलेली पट्टी लगेच त्याच हाताच्या कडेने दाबायची, नाहीतर सगळे सूर एकमेकांत मिसळतात. ती हे आईकडून शिकली होती. बायकांची वाजवायची तऱ्हा जरा अवखळ, भरगच्च. जाणते पुरुष तिला गोंधळ म्हणायचे आणि ऐकताना मान मात्र डोलवायचे.

नवरा सार्पान दालांग होता, पडद्याशी बसून कातडी बाहुल्यांचा खेळ करणारा. तो बोलू लागला की बाकीचा गामेलान, म्हणजे सगळा वाद्यमेळ, गप्प व्हायचा, फक्त तिचं गंदेर त्याच्या आवाजाखालून वाहत राहायचं. मी शेजारीच ढोल घेऊन बसायचो. म्हातारपणी सार्पान मधेच शब्द विसरायचा. त्याने श्वास घेतला की हिला कळायचं, आणि शब्द सापडेपर्यंत ही असं काही विणत राहायची की लोकांना वाटावं, राजा विचारात पडलाय.

"तू थांबलीस तर माझा राजा मुकाच मरेल," तो म्हणायचा.

"मग राजाला सांगा, घरी तरी कमी बोलत जा," ही म्हणायची.

सार्पान झटका येऊन गेला. त्यानंतर तिने गंदेरावरचं कापड काढलंच नाही. खेळ मुलाकडे आला. त्रियादी काही वाईट पोरगा नव्हता. पण लोकांना आता निम्मा खेळ आणि निम्मी गाणी हवी होती, झगमगीत कपड्यातल्या गायिका हव्या होत्या, कीबोर्ड हवा होता. त्याने गामेलानचा अख्खा संच काशाच्या कारागिराकडे नेला. आईला सांगितलं, "पॉलिशला देतोय." परत आला तेव्हा सगळं सोन्यासारखं चमकत होतं. तिने लांबूनच पाहिलं आणि बरं वाटलं म्हणाली.

मग एक दिवस तंबाखूवाल्यांच्या घरची लेस्तांतुनबाई, आमच्या बोलीत बू लेस्तांतुन, आली. तिचा नातू एकुलता एक. अशा मुलाला काळदेव गिळतो, म्हणून आमच्याकडे भरदिवसा खेळ करून बाधा काढतात. तिला तो सार्पान करायचा तसाच हवा होता, आणि गंदेरावर वागिराहच हवी होती.

यूचा चेहरा मी कित्येक दिवसांनी असा उजळलेला पाहिला. तिने नखं कापली, हात कोमट पाण्यात धरले, मला निरोप धाडला, "ढोल घेऊन ये, जरा हात मोकळे करू." मी गेलो तेव्हा तिने अंगणातच गंदेर मांडलं होतं. तिने एक पट्टी वाजवली. मग दुसरी. मग काड्या मांडीवर ठेवल्या.

"हे कुणाचं आहे?"

"आपलंच आहे, यू."

ती वाकून पट्टीच्या पोटाशी बोट फिरवत राहिली. कानशीचे ओरखडे होते. त्रियादी चहा घेऊन बाहेर आला, आणि तिच्या बोटाकडे बघून तिथेच उभा राहिला.

"आई, कीबोर्डशी सूर जुळत नव्हते, म्हणून पट्ट्या घासून घेतल्या. सगळेच करतात असं."

"तू पॉलिश म्हणालास."

"तू नाही म्हणाली असतीस."

"नसतंच करू दिलं तुला." तिचा आवाज चढला नाही. "परत कर पहिल्यासारखं."

तो माझ्याकडे बघायला लागला. घासून गेलेलं कासं परत येत नाही. वितळवून नवा संच ओतता येतो, पण तो नवाच. आमच्या संचाच्या सुरांमधली अंतरं त्याची त्याचीच होती, शेजारच्या गावच्या संचाला ती ठाऊक नव्हती. कुणी कधी मोजून ठेवली नव्हती. गरजच काय होती?

खेळाला ती बसली. बू लेस्तांतुनला शब्द दिला होता. अंगणात पिवळ्या भाताचा डोंगर, केळीचे घड, पांढऱ्या कपड्यात घामेजलेला नातू. त्रियादीने बापासारखा स्वर लावला, आणि खरंच सांगतो, चांगला लावला. यूचे हात चालू झाले. मग मला दिसलं, हात ओळखीच्या जागी जात होते आणि तिथे दुसरंच काही वाजत होतं. अंधारात घरातली पायरी चुकावी तशी ती दर सुराला दचकत होती. काळदेवाच्या मंत्रापाशी तिने काड्या खाली ठेवल्या. त्रियादीने सोबत आणलेल्या कीबोर्डवाल्याने ती जागा भरून काढली. खेळ थांबला नाही. नातवाचे केस कापले गेले, लोक जेवायला उठले. बू लेस्तांतुन तिचे हात धरून म्हणाली, "अगदी पूर्वीसारखं झालं हो!"

त्यानंतर यू धाकट्या बहिणीकडे पुढच्या गावात राहायला गेली. तिथे केळीच्या पानांत टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधते. त्रियादी दर शुक्रवारी जातो. ती त्याला जेवू घालते, नातवंडांची चौकशी करते. संचाचा विषय दोघंही काढत नाहीत. त्याचे खेळ जोरात चालतात, आणि मीही त्याच्याचकडे वाजवतो.

मागच्या खेपेला मी गेलो तर तिने पानं बाजूला सारून अचानक विचारलं, "आपला तिसरा सूर लाव बघू."

मी गुणगुणलो.

"हा कीबोर्डवरचा झाला," ती म्हणाली. "असा नव्हता तो. ऐक."

तिने डोळे मिटले, सूर लावला आणि मधेच सोडून दिला. पुन्हा लावला, जरासा वर, मग जरासा खाली. तिचे ओठ उघडे राहिले.

"माझ्याकडूनही गेला रे," ती म्हणाली.

तिने पुढचं पान ओढलं, त्यावर टेम्पे ठेवलं आणि घडी घालायला लागली.