सुईत काय होतं

याकूब उस्ताद घोड्यावर बसले की माणूस कुठे संपतो आणि जनावर कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. माझ्या आभाने नुकत्याच ग्रीक पुराणकथा वाचल्या होत्या. घोडेस्वारीच्या पहिल्या दिवशी परतताना ती गाडीत म्हणाली, "ममा, ही इज कायरन." कायरन म्हणजे कमरेखाली घोडा, वर माणूस, डोंगरातल्या गुहेत राहून वीरांना शिकवणारा, सगळी औषधं जाणणारा शहाणा गुरू. हळूहळू बाकीची मुलंही उस्तादांना त्याच नावाने हाक मारू लागली. त्यांनी एकदा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, निम्मा घोडा ठीक आहे, उरलेला निम्मा नीट असला म्हणजे झालं.

ते मूळचे माथेरानचे. वडील तिथे पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचे. उस्ताद तरुणपणी दुबईला मोतद्दार म्हणून आले, घोडे घासता घासता शिकवणारे झाले. बायको मरियमबी नेरळला राहिली. शहर संपून वाळू सुरू होते तिथल्या रायडिंग स्कूलच्या आवारातच त्यांची खोली होती. शहरातल्या करामा भागातून आम्ही दर शनिवारी जायचो. कोणी पडलं तर ते आधी घोड्याला थोपटून यायला सांगायचे, मग मुलाचं खरचटलेलं बघायचे. जखमेवरचा लेप स्वतः कालवायचे.

त्यांचा सगळ्यात जुना शिष्य नीरव. इथेच वाढलेला. जबल अलीत नोकरी करायचा आणि शेजारच्या एका बड्या तबेल्यासाठी वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरायचा. त्याची घोडी नूरा. ती शिंगरू असताना तिच्या पाठीवर पहिलं खोगीर उस्तादांनीच चढवलं होतं. नीरव आणि नूरा धावताना दिसले की उस्ताद आमच्याशी चाललेलं बोलणं अर्धवट सोडायचे.

त्या हिवाळ्यात मात्र ते बघत नसत. कुंपणाला टेकून, डोळे मिटून टापा ऐकत. नूराचा पुढचा डावा पाय जरा उशिरा पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी नीरवला तिला विश्रांती द्यायला सांगितलं. नीरव हसून म्हणाला, "उस्ताद, मालकांना शर्यत हवीय. खलास." त्यानंतर शेजारच्या तबेल्याच्या फाटकाला दिवसाही कुलूप दिसू लागलं. तिथली ओळखीची माणसं आम्हाला पाहून मान वळवायची.

एका शनिवारी दुपारी उस्ताद मागच्या वाटेने नूराला बघायला गेले. परत आले तेव्हा उजव्या हाताला ओला रुमाल गुंडाळलेला होता. काय झालं विचारलं तर म्हणाले, तारेचं टोक लागलं. आभाचा धडा त्यांनी पुरा घेतला, लगाम डाव्या हातात धरून. चेहरा राखेसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर बराच वेळ ती जखम बघत राहिले. अंगठ्याच्या बुडाशी इवलंसं छिद्र होतं आणि भोवतालचं मांस काळसर पडत चाललं होतं. तारेने असं होत नाही, ते म्हणाले. ही सुई आहे. सुईत काय होतं ते कळलं तर काहीतरी करता येईल. उस्तादांनी पुन्हा तारच सांगितली.

ऑपरेशन झालं, जखम उघडी ठेवली, पुन्हा ऑपरेशन झालं. काळेपणा सरकतच होता. नीरव एकदाही आला नाही. त्याचा फोन वाजत राहायचा.

आभा भेटायला आली तेव्हा उस्तादांनी तिला कायरनचं पुढे काय झालं ते विचारलं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण तिने सांगून टाकलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. कायरनला विषारी बाण लागला. बाण त्याच्याच शिष्याचा होता, चुकून लागलेला. सगळ्यांना बरं करणारा कायरन स्वतःला बरं करू शकला नाही. त्याला मरणही येत नव्हतं. शेवटी त्याने आपलं अमरपण सोडून दिलं.

"आणि तो शिष्य?" उस्तादांनी विचारलं.

"ही वॉज सॉरी," आभा म्हणाली. "देन ही वेंट ऑन."

मला तेव्हा सगळं कळलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. ते हळूच म्हणाले, "पोराचं सगळं आयुष्य जाईल, ताई. शर्यत, नोकरी, व्हिसा."

त्याच आठवड्यात बातमी आली की नूरा पुढच्या शर्यतीत उतरणार. उस्तादांनी माझ्या फोनवरून नीरवला निरोप बोलून पाठवला. मी शेजारीच उभी होते. "माझ्या हाताचं मी कोणाला सांगितलं नाही. पण ती मुकी आहे. उद्या सकाळी मी सगळं सांगणार आहे. त्याच्या आधी तू सांग."

सकाळी नीरव आला. दाढी वाढलेली. खिशातून एक बाटली काढून त्याने डॉक्टरांसमोर ठेवली. तिच्यावरचं लेबल खरवडून काढलेलं होतं. दुखरा पाय बधिर करायचं औषध म्हणून तबेल्यातल्या एकाने ती त्याला दिली होती. आत नक्की काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. नीरव सुई टोचताना नूरा बिथरली, उस्ताद तिचं डोकं धरायला धावले आणि सुई त्यांच्या हातात घुसली. सांगताना तो उस्तादांकडे बघत नव्हता. मग तिथूनच त्याने शर्यतीच्या पशुवैद्यांना फोन लावला.

बाटली तपासली गेली, पण हाताला त्याचा उपयोग व्हायला उशीर झाला होता. अंगठा आणि दोन बोटं काढावी लागली. नूराला शर्यतीतून काढलं. नीरवच्या शर्यतींवर बंदी आली, पुढे नोकरीही गेली. बाटली देणारा माणूस सापडला नाही. असा कोणी आमच्याकडे कधी कामालाच नव्हता, असं तबेल्याने कळवलं.

रायडिंग स्कूलने उस्तादांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. कारण विचारलं तर मॅनेजरने हाताकडे बोट दाखवलं. त्या दिवशी त्याच्या टेबलापाशी शेजारच्या तबेल्याचा माणूस चहा पीत बसला होता. त्याने आभाचं नाव घेऊन, ती कशी आहे, असं मला विचारलं. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. आभाला मी पुन्हा तिकडे नेलं नाही.

उस्तादांना विमानतळावर नीरवने सोडलं. वाटभर ते खुरांबद्दलच बोलत होते, असं तो म्हणाला. आता ते नेरळला असतात. मुलं शिकायला येतात. ते खाली उभे राहून शिकवतात. नीरव त्यांना दर शुक्रवारी फोन करतो. उस्ताद प्रत्येक वेळी नूरा कशी आहे ते विचारतात.

नीरवने बरीच चौकशी केली. तबेल्यातले म्हणतात, ती दुसऱ्या देशात पाठवली. कुठल्या, ते कोणी सांगत नाही. उस्तादांना तो सांगतो की ती बरी आहे.