पुढच्या घरची काठी

माणसे अनेक वर्षे एकाच टेबलाभोवती बसली, की त्यांचे किस्से कोणाला जपून ठेवावे लागत नाहीत. चहाच्या कपांच्या वर्तुळांसारखे ते एकावर एक उमटत जातात आणि कोणते आधीचे, कोणते नंतरचे, हे सांगणे कठीण होते. ऑकलंडच्या हिल्सबरो उपनगरातील आमच्या रविवारच्या वाचन मंडळाचे तसेच झाले आहे. मंडळ म्हणजे आम्ही चौघे: परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या सुमतीबाई, औषधांच्या दुकानात अजून अर्धवेळ जाणारे जगताप, मी, आणि फर्मिन. तिघे महाराष्ट्रातले आणि चौथा उत्तर स्पेनच्या डोंगरातला. बहुतेक किस्से या चौथ्याचेच आहेत.

*

फर्मिन आम्हाला अवोन्डेलच्या बाजारात मिळाला. सुमतीबाई लसणाचा एकेक गड्डा उचलून हुंगत होत्या. टोपलीच्या पलीकडे एक उंच म्हातारा तेच करत होता. दोघांचे हात एकाच गड्ड्यावर पडले.

"घ्या तुम्ही," म्हातारा इंग्रजीत म्हणाला. "तसाही हा लसूण नव्हे."

"मग हुंगता कशाला?"

"आईची शिकवण. हुंगल्याशिवाय घ्यायचा नाही."

"माझ्याही आईची," असे म्हणून सुमतीबाईंनी गड्डा परत टाकला. विक्रेत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि टोपलीवर फडके ओढले.

*

मंडळात फर्मिन येऊ लागला, तेव्हा त्याला मराठीचा गंधही नव्हता. आम्ही वाचत असू, तो डोळे मिटून ऐके आणि शेवटी जगताप त्याला इंग्रजीत सारांश सांगत. एकदा मी एक अख्खे प्रकरण, उच्चारांना कोठेही धक्का न लावता, वाचून दाखवले. जगतापांचा सारांश असा: "फॅमिलीत हीप्स ऑफ प्रॉब्लेम्स आहेत, आणि जमीन विकायची नाहीये."

फर्मिन म्हणाला, "लेखक आमच्या गावचा दिसतो."

*

काठीचा उलगडा फिजोआच्या दिवसांत झाला. फर्मिनच्या परसात फिजोआ या पेरूसारख्या हिरव्या फळाचे झाड आहे. जगतापांना धीर नाही. दारामागे जंडल्सच्या रबरी चपला आणि छत्रीशेजारी एक जुनी काठी उभी होती, हातांच्या स्पर्शाने काळी पडलेली. ती घेऊन ते फळे झोडपू लागले.

"फिजोआ पाडत नाहीत, पडू देतात हो," सुमतीबाई म्हणाल्या.

फर्मिन मात्र धावतच आला. त्याने काठी काढून घेतली, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि पायरीवर बसला. त्या दिवशी वाचन झाले नाही.

त्याच्या गावी ही काठी घरोघर फिरत असे. ती ज्या घरी असेल, त्या घराने गावात येणाऱ्या परक्या, भुकेल्या वाटसरूला जेवू घालायचे, लागल्यास झोपायला जागा द्यायची आणि मग काठी पुढच्या घरी पोचवायची. फर्मिनच्या घराला कुलूप लागले, तेव्हा काठी त्यांच्याकडे होती. वडील म्हणाले, "पळत जा, पुढच्या घरी देऊन ये." खाली ट्रक सुरू होता. सतरा वर्षांचा फर्मिन काठीसकट ट्रकमध्ये चढला, आणि ती काठी त्याच्याबरोबर ऑकलंडपर्यंत आली.

"गावाची रीत माझ्या दारामागे अडकून पडली आहे," तो म्हणाला. "मरण्यापूर्वी मला ती पुढच्या घरी द्यायची आहे."

मी म्हणालो, "आमच्याकडे याला वार म्हणत. गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी जेवायचे, मंगळवारी दुसऱ्या. माझा गुरुवार एका तांबटाकडे होता. पुढे शाळा सुटली, त्याबरोबर वारही सुटले. वाचन तेवढे सुटले नाही."

जगताप माझ्याकडे पाहत राहिले. "नाना, तुम्ही वारानं जेवलात? इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी."

"कोणी विचारले नाही," मी म्हणालो.

स्पेनला जायचे, हे तेव्हाच ठरले.

*

विमानात काठी नेण्याचा प्रश्न आला. जगतापांनी तोडगा काढला: "लंगडत चाला. वॉकिंग स्टिक म्हणून सोडतात."

"माझे पाय उत्तम आहेत," फर्मिन म्हणाला. "मी लंगडणार नाही."

माझा उजवा गुडघा खरोखरच दुखरा आहे. तेव्हा काठी माझ्या हाती आली आणि मी तिच्यावर रीतसर भार देऊन निघालो. तपासणीच्या जागी तरुण अधिकाऱ्याने प्रसन्नपणे "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून विचारले, "ही काठी आपलीच ना?"

असत्य बोलणे माझ्याने होत नाही. "नाही," मी म्हणालो, "ती गावाची आहे."

"कोणत्या गावाची?"

पुढे काठी क्ष-किरणांतून गेली, मीही गेलो, आणि मागे रांग वाढत राहिली. शेवटी सुमतीबाई पुढे झाल्या. "अहो, त्यांचा गुडघा तपासा, म्हणजे पटेल." त्याने खरोखरच गुडघा पाहिला आणि आम्हाला सोडले.

"नाना," जगताप पलीकडे म्हणाले, "एक 'येस' म्हटलं असतंत तर कॉफी मिळाली असती."

*

डोंगराच्या पायथ्याच्या खाणावळीत आम्ही मुक्काम केला आणि सकाळी भाड्याच्या गाडीने वर गेलो. स्लेटी दगडांची छपरे, अरुंद गल्ली, वाहते कारंजे, आणि माणूस नाही. फर्मिन चालता चालता गाव सांगत होता. शरद ऋतूत पुरुष मेंढ्या घेऊन दक्षिणेला जात आणि वसंतात परतत. तोवर गाव बायका चालवीत. घंटा झाली, की प्रत्येक घरातून एकाने फावडे घेऊन रस्ता दुरुस्त करायला यायचे. मग खालच्या खोऱ्यात खाण निघाली. खाण बंद पडली, तेव्हा मेंढ्यांकडे परतायला कोणी तयार नव्हते.

घरांना आडनावे नव्हती. वाकड्या धुराड्याचे, अक्रोडाखालचे, शिंप्याचे.

"सेम आमच्यासारखं," जगताप म्हणाले. "आम्ही ओढ्यापलीकडचे."

फर्मिनने पुढच्या घराचे दार वाजवले. उंबऱ्यातून झुडूप वाढले होते. तो थांबला, टोपी काढली, परत घातली आणि त्यापुढचे दार वाजवले. रीत अशी, की दार वाजवून थांबल्याखेरीज कोणतेही घर ओलांडायचे नाही. आम्ही त्याच्यामागे प्रत्येक बंद दाराशी थांबत गेलो. पुढे पुढे सुमतीबाईंना ते पाहवेना.

गल्लीच्या टोकाच्या घरातून धूर निघत होता.

*

दार कोन्सुएलोबाईंनी उघडले. फर्मिनपेक्षा मोठ्या, काळ्या पोशाखातल्या, कंबरेत वाकलेल्या. त्यांनी काठी ओळखली, फर्मिनलाही ओळखले. पण हात पुढे केला नाही. त्या काही बोलल्या आणि फर्मिनचा चेहरा उतरला.

"काय म्हणतात?" मी विचारले.

"विचारते आहे, तुमच्या घरी जेवले कोण? जेवू घातल्यावाचून काठी पुढे जात नाही."

मग सुमतीबाईंनी पिशवी उघडली. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेले बेसन त्या जगभर बरोबर वागवतात. "मग आम्ही कोण आहोत? परके आहोत, भुकेलेही आहोत. चल फर्मिन, चूल दाखव."

फर्मिनच्या घराचे अर्धे छप्पर कोसळले होते, पण स्वयंपाकघर शाबूत होते. जगतापांनी लाकडे आणली, फर्मिनने सुमतीबाईंच्या सांगण्यावरून पिठले ढवळले आणि आपल्या हाताने आम्हाला वाढले. कोन्सुएलोबाई साक्षीला दारात उभ्या होत्या. त्यांनी चमचाभर पिठले चाखले.

"लसूण कमी आहे," फर्मिनने भाषांतर केले.

"तिला सांग, ऑकलंडात लसूण मिळत नाही," सुमतीबाई म्हणाल्या.

बाईंनी काठी घेतली.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला लसणाचे सार आणि भाकरीएवढा मोठा, जाड पाव वाढला. मी पोटभर जेवलो आणि फर्मिनमार्फत त्यांना सांगितले, की माझा गुरुवार आठवला. त्यांनी उत्तर न देता आणखी वाढले.

निघण्याच्या सकाळी फर्मिन आपल्या घराचे दार ओढून घ्यायला वर आला. गाडी सुरू होती. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून ठक ठक ऐकू आले. कोन्सुएलोबाई काठी घेऊन निघाल्या होत्या. प्रत्येक बंद दार वाजवीत, थांबत, पुढे येत. सगळी गल्ली संपवून त्या फर्मिनच्या दाराशी आल्या आणि दार वाजवले.

"फर्मिन, फ्लाइट चुकेल," जगताप गाडीतून म्हणाले.

फर्मिनने काठीकडे पाहिले आणि आपली पिशवी गाडीतून उतरवून घेतली.

*

आता रविवारी आम्ही तिघेच असतो. फिजोआ पडून राहतात. जगताप वेचून आणतात. परवा वाचन चालू असताना फर्मिनचा फोन आला. एक जर्मन मुलगी वाट चुकून गावात आली होती. ओले बूट त्याच्या चुलीशी ठेवून तिने दोनदा वाढून घेतले. काठी आता कोन्सुएलोकडे आहे.

"वा! म्हणजे तू मोकळा झालास," जगताप म्हणाले. "परत कधी येतोस?"

"कसा येऊ? तिच्याकडे कोणी जेवले, की काठी माझ्याकडे. मी नसलो, तर ती कोणाचे दार वाजवील?"

"पण त्या डोंगरात पुन्हा कोण येणार आहे, बाबा?" सुमतीबाईंनी विचारले.

"नाना," फर्मिन म्हणाला, "तुमचा गुडघा कसा आहे? डोंगर चढवेल?"